आयएसओचा आकडा आणि अंधारात राहिलेले चेहरे

उर्दूत फोटोग्राफीला 'अक्कासी' म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. मराठीत आपण 'छायाचित्रण' म्हणतो. छाया म्हणजे सावली. 'फोटोग्राफी' हा शब्द ग्रीकमधून आला, त्याचा अर्थ प्रकाशाने लिहिणं. एकाच कामाला एका भाषेने प्रतिबिंब म्हटलं, दुसरीने सावली आणि तिसरीने प्रकाश. या दोन्ही भाषा वर्गात शिकवताना मला ही गंमत वाटत आली आहे. पण तिन्ही नावांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: चित्र उमटायला उजेड किती लागतो?

या प्रश्नाचं उत्तर आज प्रत्येक कॅमेऱ्यात आणि मोबाईलमध्ये एका आकड्यात लपलेलं असतं. त्याला आयएसओ म्हणतात. १००, २००, ४००, ८००, १६०० असे ते आकडे. बहुतेक लोक ते 'ऑटो'वर ठेवून मोकळे होतात. मात्र या आकड्यामागे हजार वर्षांचा इतिहास आहे. बसऱ्याचा एक शास्त्रज्ञ त्यात आहे, हैदराबादचा जनाना स्टुडिओ आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या मजुरांचे पास आहेत आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींचे ओळखपत्रावरचे काळवंडलेले चेहरेही आहेत.

अंधारी खोली

सुरुवात इब्न अल-हैसमपासून करू. जन्म साधारण ९६५, बसरा. मृत्यू साधारण १०४०, काहिरा. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा प्रकाश आणि दृष्टीवरचा ग्रंथ. त्या काळी अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं. इब्न अल-हैसम यांनी प्रयोग आणि युक्तिवाद करून सांगितलं की उलट आहे, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपण पाहतो. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर त्यांनी प्रयोग केले. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा आकार अभ्यासला. छिद्र किती मोठं असलं की प्रतिमेची कोर पुसट होते, हेही त्यांनी तपासलं. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि १५७२मध्ये बासेलला छापला गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एक संदेश फिरतो की कॅमेऱ्याचा शोध मुसलमानांनी लावला आणि 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे, मूळ ग्रीक, अर्थ कमानदार छताची खोली. आपला 'कमरा'सुद्धा त्याच कुळातला, पोर्तुगीजांच्या वाटेने इकडे आलेला. छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे चीनमध्ये आणि ग्रीसमध्ये इब्न अल-हैसम यांच्या कितीतरी शतकं आधी लोकांनी पाहिलं होतं. त्यांचं मोठेपण वेगळं आहे. नुसतं पाहून ते थांबले नाहीत, त्यांनी मोजलं, तपासलं, आधीच्या मोठ्या नावांवरही शंका घेतली. असा पूर्वज असताना त्याच्या नावावर खोटं खपवण्याची आपल्याला गरज नाही.

अंधाऱ्या खोलीत प्रतिमा पडत होती, पण ती टिकत नव्हती. माणूस खोलीतून बाहेर पडला की चित्र संपलं. प्रकाश पडल्यावर बदलेल आणि बदललेलंच राहील, असा पदार्थ सापडायला आणखी आठशे वर्षं गेली.

संथ काच, काळसर माणूस

फ्रान्समध्ये नीप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास खिडकीबाहेरचं दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवलं, त्याला कित्येक तास लागले. १८३९मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली, तेव्हा वेळ मिनिटांवर आला. १८५१मध्ये ओल्या काचेची पद्धत आली आणि काम सेकंदांवर आलं. पण ती काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावी लागे. म्हणजे फोटोग्राफरला अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचा सोबत घेऊन फिरावं लागे. विदर्भाच्या उन्हाळ्यात असं काम करणं म्हणजे काय, हे मे महिन्यात चंद्रपूरला राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

हिंदुस्थानात हे तंत्र लवकर पोहोचलं. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे मराठी माणूस या कलेत अगदी पहिल्या पिढीपासून आहे.

पण त्या काचांमध्ये एक दोष होता आणि तो पुढच्या सगळ्या गोष्टीला लागू पडतो. त्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, पिवळ्या आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या. आकाश पांढरं फटक यायचं आणि तांबूस-सावळी त्वचा प्रत्यक्षात असते त्याहून कितीतरी काळी. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. साडेचारशेहून अधिक फोटोंत इथल्या जातीजमाती मांडल्या, नमुने मांडावेत तशा. त्या जमान्यातले फोटो पाहताना लक्षात ठेवावं की आपल्याला दिसतो त्या रंगात माणसाच्या वर्णाइतकाच काचेच्या आंधळेपणाचाही वाटा आहे. १८७३मध्ये जर्मनीत फोगेल यांनी काचेच्या लेपात रंगद्रव्यं मिसळून तिला इतर रंगही दिसतील असं केलं. सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला मात्र विसावं शतक उजाडलं.

दरम्यान १८७१मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचवली. त्या दशकाच्या अखेरीस सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला. याच काळात लाला दीनदयाळ यांचं नाव झालं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं, 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' असे किताब दिले. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडदानशीन स्त्रियांचे फोटो एक इंग्रज बाई काढत. उंच भिंतींच्या आड, पुरुषाच्या नजरेबाहेर, पण उजेडात. मला हा स्टुडिओ फार महत्त्वाचा वाटतो. पडदा मोडा किंवा फोटो विसरा, असे दोनच पर्याय त्यांनी स्त्रियांपुढे ठेवले नाहीत. जागा बदलली, फोटो काढणारा हात बदलला आणि वाट निघाली.

फोटो जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे आजही संपलेला नाही. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत एक रिसाला लिहून फोटो जायज ठरवला. त्यांचा युक्तिवाद असा की फोटोत नवी निर्मिती होत नाही, फक्त सावली धरून ठेवली जाते. त्यांनी 'हब्स अल-झिल' असा शब्दप्रयोग वापरला, म्हणजे सावलीला अडकवणं. मराठीतल्या 'छायाचित्रा'शी हा अर्थ किती जुळतो पाहा. हिंदुस्थानातल्या अनेक उलेमांना हे पटलं नाही. पण हजच्या पासपोर्टला फोटो लागतो, मतदार ओळखपत्राला लागतो, शाळेच्या अर्जाला लागतो. प्रत्यक्ष जगण्यात वादाचा हा भाग गरजेने सोडवला आहे. मग निदान जो फोटो काढायचाच आहे, तो माणसाला माणूस दाखवणारा तरी असावा.

आकडा कसा ठरला

काच किती 'वेगवान' आहे हे सुरुवातीला प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने सांगे. १८९०मध्ये इंग्लंडमध्ये फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी यावर शास्त्रशुद्ध उपाय मांडला. एवढा प्रकाश पडला तर काच एवढी काळी होते, असा आलेखच त्यांनी काढला. फिल्मची संवेदनशीलता मोजणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. १९३४मध्ये जर्मनीचं डिन मानक आलं, १९४३मध्ये अमेरिकेचं एएसए. १९७४पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजेच आयएसओने हे दोन्ही आकडे एकत्र आणायला सुरुवात केली. म्हणून जुन्या फिल्मच्या डबीवर १००/२१° असं छापलेलं असे. १०० हा एएसएचा आकडा, २१ हा डिनचा. आपल्या देशात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्यातून 'इंदू' नावाची फिल्म येई. माझ्या पिढीच्या वडिलांचे-चुलत्यांचे कितीतरी कृष्णधवल फोटो तिच्यावर आहेत.

आयएसओ ही संघटना सांगते की तिचं नाव ग्रीक 'आयसॉस' या शब्दावरून घेतलं आहे, ज्याचा अर्थ समान. आपल्या शब्दांत सांगायचं तर मसावात. आकड्यात मसावात आली. चेहऱ्यांच्या बाबतीत यायची होती.

अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यावर गोऱ्या बाईचं चित्र असे. तिला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या गोऱ्या बाईची त्वचा बरोबर दिसली की छपाईचे रंग बरोबर, असा हिशेब. सावळ्या आणि काळ्या माणसांचा तपशील फिल्ममध्ये हरवत असे. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या विषयावर लिहिलं आहे. त्यात एक बोचरी गोष्ट येते. सावळ्या छटा नीट येत नाहीत म्हणून कंपनीवर ज्यांचा दबाव आला, त्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणारे होते. माणसांच्या तक्रारीआधी चॉकलेटची तक्रार ऐकली गेली.

याहून वाईट प्रकार दक्षिण आफ्रिकेत घडला. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने काळ्या लोकांना सतत सोबत बाळगायला लावलेल्या पासबुकांसाठी पोलरॉइड कंपनीची ओळखपत्र-यंत्रणा वापरली जात होती. त्या कॅमेऱ्याला फ्लॅशचा जोर वाढवणारं एक बटण होतं, त्याने गडद त्वचेचा चेहरा स्पष्ट येई. १९७०मध्ये कंपनीतल्याच कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९७७मध्ये कंपनी त्या देशातून बाहेर पडली. यातून मला कळलेली गोष्ट अशी: चेहरा नीट दिसणं आपोआप न्याय होत नाही. कोण पाहतंय आणि कशासाठी, हेही विचारावं लागतं. पण जिथे फोटोवरच हक्क अडतो, तिथे चेहरा न दिसणं हा सरळ अन्याय आहे.

आपल्या जिल्ह्यांतला उजेड

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त जंगल याच जिल्ह्यात आहे. माझ्या नोकरीची काही वर्षं तिथे गेली, आता चंद्रपूरला आहे. पावसाळ्यात तिकडच्या वर्गांत दुपारी बारालाही संध्याकाळ वाटते. बाहेर सागाची गर्द पानं, आत एक बल्ब, तोही वीज असली तर. शिष्यवृत्तीच्या अर्जांना फोटो लागतात. एका वर्षी एका कार्यालयाने आमच्या काही मुलींचे अर्ज 'चेहरा स्पष्ट नाही' असा शेरा मारून परत पाठवले. त्यांत माडिया मुली होत्या आणि बुरख्यातल्या आमच्या दोन मुलीही होत्या. मुली तिथेच होत्या, चेहरेही तिथेच होते. स्पष्ट नव्हता तो फोटो. पण तालुक्याच्या गावी पुन्हा जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यांच्या घरच्यांनी भरली. त्यानंतर शाळेतले फोटो मी स्वतःच काढू लागलो आणि या आकड्याच्या मागे लागलो.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसते, सेन्सर असतो. १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉयल आणि स्मिथ यांनी त्याचा पाया घातला, २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फिल्म बदलली की संवेदनशीलता खरोखर बदलत असे. सेन्सर मात्र आहे तोच राहतो. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरला जास्त उजेड दिसत नाही. जेवढा उजेड मिळाला त्याचा संकेत कॅमेरा मोठा करतो. कव्वालीच्या मैफलीत गायकाचा आवाज बसला असेल तर भोंग्याचा आवाज वाढवून तो खुलत नाही. आवाज मोठा होतो, त्याबरोबर खरखरही मोठी होते. फोटोतल्या या खरखरीला 'नॉइज' म्हणतात, रंगीत दाण्यांसारखी दिसते ती.

ही खरखर येते कुठून? काही यंत्रातून, पण बरीचशी खुद्द प्रकाशातून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं पडतात. झाडाखाली शेजारी शेजारी दोन टोपल्या ठेवल्या. फुलं भरपूर पडली तर दोन्ही सारख्याच भरलेल्या दिसतात. थोडी पडली तर एकीत सात, दुसरीत बारा, फरक लगेच डोळ्यात भरतो. प्रकाशाचे कणही असेच पडतात. सेन्सरच्या एका ठिपक्यावर १०,००० कण पडले तर नैसर्गिक चढउतार साधारण १००चा, म्हणजे १ टक्का. फक्त १०० कण पडले तर चढउतार १०चा, म्हणजे १० टक्के. म्हणून दाणे मुळात कमी उजेडामुळे येतात. जास्त आयएसओ त्यांना उघडं पाडतो, इतकंच.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. आधी खरा उजेड वाढवा: मुलाला दारापाशी आणा, भिंगाचं तोंड जास्तीत जास्त उघडा, माणूस स्थिर असेल तर शटर जरा सावकाश ठेवा. एवढं करूनही कमी पडलं तर आयएसओ वाढवा, आणि तेव्हा निःसंकोच वाढवा. आकडा दुप्पट केला की चित्र एक पायरी उजळ होतं. समजा ताडोब्यात पहाटे आयएसओ १०० ठेवल्यावर शटर सेकंदाचा पंधरावा भाग मिळतोय. चालत्या वाघाचा फोटो त्यात हलणारच. अडीचशेवा भाग हवा असेल तर चार पायऱ्या चढायच्या: २००, ४००, ८००, १६००. थोडा दाणेदार पण स्पष्ट फोटो, गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा. 'आयएसओ १००च चांगला' हे वाक्य भर उन्हापुरतं खरं आहे.

दुसरी बाब कॅमेऱ्याच्या मापकाची. समोरचं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. ईदच्या दिवशी पांढरे कुर्ते-टोप्या घातलेल्या मुलांची रांग समोर आली की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. काळ्या बुरख्यांचा गट समोर आला की उलट होतं, तो फोटो उजळ करतो आणि चेहरे फिके पडतात. सावळा मुलगा चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा केला की मापक भिंतीचं ऐकतो आणि मुलाला विसरतो. यावर उपाय अधिक-उण्याच्या बटणात आहे. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. किंवा मोबाईलच्या पडद्यावर थेट चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे माप चेहऱ्याचं घेतलं जाईल. ऑटो आयएसओ वापरायचाच असेल तर त्याची वरची मर्यादा आणि शटरचा किमान वेग आपण ठरवून द्यावा. मुलांना खिडकीकडे पाठ करून उभं करण्याऐवजी खिडकीकडे तोंड करून उभं करावं. एवढ्यात निम्मं काम होतं. शाळेतले फोटो आम्ही आता असेच काढतो.

तंत्रज्ञानही थोडं शहाणं होतं आहे. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आयएसओचं वेगळं मानक १९९८मध्ये आलं. हल्लीचे मोबाईल रात्री एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात, म्हणजे खरा उजेडच जास्त गोळा करतात. २०२१मध्ये गूगलने आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात गडद त्वचा खरी दिसावी म्हणून खास बदल केले. शर्ली कार्डनंतर इतक्या दशकांनी का होईना, प्रश्न मान्य झाला.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. त्यानंतर रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत गरिबाची प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या फोटोपाशी येऊन थांबते. ज्यांचे चेहरे आधी निळ्याच प्रकाशाला ओळखणाऱ्या काचेने काळे केले, मग गोऱ्या बाईच्या नमुन्याने पुसले, त्यांच्याच मुलांना आज एक यंत्र 'चेहरा स्पष्ट नाही' म्हणून सांगतं. इब्न अल-हैसम यांनी आपल्याला शिकवलं की प्रकाश वस्तूकडून आपल्याकडे येतो. म्हणजे मुलाच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड आपल्यापर्यंत येतच असतो. तो नीट घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. शिक्षक असाल, सेतू केंद्रावर बसत असाल, गावातला फोटो स्टुडिओ चालवत असाल, तर पुढचा फोटो काढताना ऑटोवर भिस्त ठेवू नका. एकदा तो आकडा बघा, मग चेहरा बघा, आणि फोटोत चेहरा तसाच आला का हे त्या मुलालाही दाखवून विचारा.